पहिला तांब्या

आमच्या नणंदबाई डॉक्टर होत्या, पण उभ्या जन्मात त्यांनी घाटनांदूरच्या एकाही माणसाला सुई टोचली नाही. गावाचा हा राग शेवटपर्यंत गेला नाही.

डॉक्टर म्हणजे काय, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. गळ्यात नळी, हातात सुई, आणि निघताना कागदाच्या पुडीत दोन रंगांच्या गोळ्या. सत्यशीलाबाई मोठी परीक्षा पास होऊन घरी आल्या, तेव्हा सकाळीच आमच्या ओसरीवर माणसं येऊन बसली. कुणाची कंबर, कुणाचा खोकला, कुणी नुसतंच बघायला. वन्सं बाहेर आल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "मी नाडी बघत न्हाई. डॉक्टरनं अंगातून गाठ काढली, की ती गाठ कशाची हे मी काचेवर ठेवून सांगते."

म्हातारा बंकट पुढंच बसलेला. तो म्हणाला, "मंग आमी आता काय कापून देऊ, बाई?"

सगळे हसले आणि ओसरी रिकामी झाली. तेव्हापासून त्यांना नाव पडलं काचवाली डॉक्टरीण.

मलाही आधी कळलं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण समजल्याशिवाय मान हलवायची सवय मला नाही. मी तोंडावर विचारलं, "वन्सं, इतकं शिकून तुमी मेलेलं मांसच बघणार का?" त्या रागावल्या नाहीत. मला रानात घेऊन गेल्या आणि कपाशीचं एक बोंड तोडलं. वरून हिरवंगार, डाग नाही. नखानं चिरलं तर आत अळी.

"वरून बघून सांगितलं असतं का तुमी?"

"न्हाई."

"तेवढंच माझं काम. चिरायचं, बघायचं, आन् जेवढं दिसलं तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त न्हाई."

सरपंचकी करणाऱ्या आमच्या घरात असं बोलणारं माणूस त्याआधी जन्माला आलं नव्हतं.

त्या या कामाकडं का वळल्या, हे मला माहीत आहे, कारण मी तिथं होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई, तुळजाबाई, धडधाकट होत्या. घर, गोठा, सालगडी, सगळं त्यांच्या आवाजावर चालायचं. मी आज जशी बोलते ती त्यांचंच बघून. मग एक दिवस भाकरी थापताना त्यांच्या हातातून भाकरी पडली. पुन्हा पडली. "बोटं मेल्यागत झालीत," म्हणाल्या. पुढं पायाला सूज आली, मग आडाचं पाणी शेंदलं की दम लागायला लागला. एका वैद्यानं रक्त कमी सांगितलं, दुसऱ्यानं वारं. संक्रांत झाल्यावर एका सकाळी खळ्यावर बसल्या-बसल्या गेल्या.

दारात माणसं गोळा झाली आणि आमची एक चुलत सासू सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "केशरनं तिळाची पोळी पाठवली, ती खाल्ली, तवापासून आक्काचं फिरलं."

केशरबाई आमची शेजारीण. भिंतीला भिंत. तरुणपणी विधवा झालेली, पोरबाळ नाही, चार शेळ्यांवर जगणारी. करणी केली म्हणायला गावाला असंच माणूस लागतं. त्या दिवसापासून आमच्या घरच्यांनी तिच्या हातचं पाणी बंद केलं, आणि सरपंचाच्या घराचं बघून गावानंही केलं. कुणाच्या बाळाला ताप आला की बाया तिच्या दाराकडं बघायच्या.

वन्सं तेव्हा अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकत होत्या. आल्या, मायच्या उशाशी बसल्या आणि भावाला म्हणाल्या, "दादा, मायला दवाखान्यात नेऊ. आत काय झालं ते बघू दे."

आमचे मालक, विठ्ठलराव, तेव्हा नवे सरपंच. ते म्हणाले, "सरपंचाच्या मायचं पोस्टमार्टम? मायला मी चिरू देणार न्हाई."

विषय संपला. माणसं राख सावडून परत आली तेव्हा वन्संनी मडक्यात डोकावून बघितलं आणि मला म्हणाल्या, "यातून आता काहीच कळणार न्हाई, वहिनी."

पुढं त्यांच्या बरोबरीच्या पोरींनी कुणी बाळंतपणं घेतली, कुणी डोळे घेतले. यांनी काच घेतली.

तुम्हाला आज नवल वाटणार नाही, पण त्या काळी आपल्या भागात अंगातून काढलेली गाठ पुण्या-मुंबईला जायची. माणसाच्या तेराव्याला तिकडून उत्तर यायचं, की गाठ वाईट होती. वन्संनी अंबाजोगाईला भाड्याच्या खोलीत काच बघायची एक दुर्बीण मांडली आणि म्हणाल्या, आता कुठं पाठवायचं नाही. दुर्बिणीला खालून उजेड लागायचा. वीज गेली की त्या टेबल उचलून अंगणात न्यायच्या आणि आरशावर ऊन घेऊन बघायच्या. रस्त्यानं जाणारे म्हणायचे, डॉक्टरीण उन्हात बसून उवा बघायली.

केजच्या, परळीच्या दवाखान्यांत एसटीनं जाऊन त्या स्वतः बरण्या गोळा करायच्या. बरणीत औषधाचं पाणी, पाण्यात तुकडा. पिशवी मांडीवर. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, लोणच्याचा वास लई उग्र सुटलाय. कशाचं हाय?"

"पित्ताशयाचं," त्या म्हणाल्या.

त्या मार्गावर पुन्हा त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. त्यांना खिडकी कायम मोकळी मिळायची, हे त्या आनंदानं सांगायच्या.

पण त्यांचं खरं मोठेपण मी सांगते ते हे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भाच्या पिशव्या काढायचं वेड या जिल्ह्यात शिरलं तेव्हाची गोष्ट. पाळीच्या दिवसांत फडावर खाडा पडतो, मुकादम बोलतो, म्हणून पोटात जरा दुखलं की काढून टाक पिशवी. अशा पोतंभर बरण्या वन्संकडं यायच्या. एका तालुक्याच्या गावचा डॉक्टर आमच्या घरी येऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही दरवेळी निरोगी, निरोगी लिहिता. थोडं काहीतरी लिहीत चला. सूज तरी लिहा."

मी तेव्हा चहा घेऊन आत गेलते. वन्सं म्हणाल्या, "सूज दिसली तर सूज लिहीन. तुमाला दिसली होती का?"

त्यानं बरण्या पाठवणं बंद केलं. मग या बाई काय करतात, तर केजच्या बाजारात भाजीवाल्या बायांच्या मध्ये जाऊन बसतात. "तुमच्या अंगातून जे काढतील ते तुमचं हाय. डॉक्टरला मागून घ्या आन् माझ्याकडं आणा. मी सांगते ते काढायचं होतं का न्हाई." बाया आधी लाजल्या. मग एक आली, दगडाबाई नावाची, जीपमध्ये कडेवर पोर आणि हातात बरणी. तिची पिशवी निरोगी निघाली. ती बया बरणी घेऊन परत त्या दवाखान्यात गेली आणि बरणी टेबलावर ठेवून म्हणाली, "आता घाल माघारी."

त्यानंतर जीपा भरून बाया येऊ लागल्या, आणि चाकू उचलायच्या आधी डॉक्टर लोक विचार करू लागले. दगडाबाईच्या कडेवरचं ते पोर म्हणजे आजची डॉक्टर मनिषा. वन्संच्याच हाताखाली शिकली, आणि आता अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात त्याच कामाला आहे. वन्संनी लग्न केलं नाही. लेकरं मात्र अशी पुष्कळ केली.

घरी घाटनांदूरला आल्या की त्यांची एक रीत होती. पिशवी ओसरीवर टाकायच्या, आणि आमच्या घरचं पाणी तोंडाला लावायच्या आधी शेजारी केशरबाईकडं जाऊन चहा प्यायच्या. मालकांना हे आवडायचं नाही. वन्सं म्हणायच्या, "दादा, तिच्याविरुद्ध काय दिसलं तुला? मला तर काहीच दिसलं न्हाई."

साठी ओलांडली आणि वन्संच्या हातातून काचा पडायला लागल्या. पहिल्यांदा मला वाटलं, वय झालं. मग पायावर सूज दिसली. जिना चढताना त्या मधेच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारखं करायच्या. मी काय ते ओळखलं. हे सगळं मी या घरात एकदा बघितलेलं होतं.

त्यांनीही ओळखलं होतं. स्वतःच्या पोटाच्या चरबीचा एक तुकडा काढून तपासला, त्यात काही सापडलं नाही. "हृदयाचा तुकडा घ्यावा लागेल, तो मुंबईला," म्हणाल्या. मग आज पोरींची परीक्षा, उद्या नवी मशीन, असं करत राहिल्या. दुसऱ्याला एक दिवस दम न धरू देणारी बाई स्वतःच्या बाबतीत अशी. मी बोलायचं तेवढं बोलले.

गेल्या चैत्रात विश्रांतीला म्हणून घरी आल्या. ओसरीवर मी शेंगा फोडत होते. त्या म्हणाल्या, "वहिनी, मी गेले की मला उघडायला लावा. मनिषाला सांगून ठेवलंय. ती करील. पण घरच्या माणसाची सही लागती. दादा न्हाई म्हणणार. तुमी बघा."

"मी काय बघू? मला कोण विचारतं या घरात?"

"तुमाला विचारल्याशिवाय या घरात मांजर तरी फिरतं का?"

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत.

"मायचं कळलं न्हाई. ते केशरकाकूच्या माथी गेलं. माझं तरी कळू द्या. आन् दादाच्या बोटांकडं बघितलं का तुमी?"

मी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून बघायला लागले. मालक चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागायचा, आणि आपल्याकडं कुणी बघितलं की गुंडीलाच शिव्या द्यायचे.

वन्सं थोड्याच दिवसांत गेल्या. सकाळची वेळ, ओसरी, हातात स्टीलचा कप. "वहिनी, यात आलं..." एवढं म्हणाल्या आणि कप खाली आला. मी पोचेपर्यंत संपलं होतं. आलं जास्त झालं होतं का कमी, ते राहूनच गेलं.

मी आधी मनिषाला फोन लावला. रडणं नंतर केलं.

घंटाभरात अंगण भरलं. आमचा अंगद म्हणजे माझा थोरला. त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं, हे सगळ्या तालुक्याला माहीत. त्यानं फोनवर फोन केले. मांडव आला, भोंगा आला, फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर आला. कोण कोण नेते निघालेत, ते तो भोंग्यावरून सांगायला लागला. आत्यावर त्याची माया होती, खोटं कशाला बोलू. पण मायेला मांडव घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

मनिषा शववाहिका घेऊन आली. अंगदनं कागद बघितला आणि मला आत बोलावलं.

"माय, हे काय ऐकायलोय मी? पोस्टमार्टम कुणाचं होतं? फास घेतल्याचं, औषध पिल्याचं. उद्या गावभर होईल की अंगदनं जमिनीसाठी आत्याला मारलं."

"तुझ्या आत्याची जमीन कुठं राहिली? होती ती विकून तिनं दुर्बिणी घेतल्या."

"लोकांना ते कुठं माहीत हाय? निवडणूक तोंडावर आली. आन् देहाची अशी चिरफाड करून मी आत्याला अग्नी देणार न्हाई. बापूंनाबी पसंत न्हाई. विषय संपला."

मायच्या वेळी बाप जे बोलला होता, तेच. बाहेर तिरडी बांधायचा आवाज येत होता.

आमच्या घराण्याची एक रीत आहे. घरातली बाई गेली, की तिला आंघोळ बायांनी घालायची, आणि पहिला तांब्या घरातल्या थोरल्या बाईचा. तो पडल्याशिवाय दुसरी कुणी तांब्या उचलत नाही. आंघोळ झाल्याशिवाय पुरुष तिरडीला हात लावत नाहीत, आणि आडोशाच्या आत पाऊलही टाकत नाहीत. कुणी ठरवलं माहीत नाही. पण पुरुषांनी ठरवलं नसणार, कारण त्यात त्यांचं काही चालत नाही.

मागच्या अंगणात लुगडी आडवी बांधून आडोसा केला होता. मध्ये पाटावर वन्सं, बाजूला ऊन पाण्याचं घंगाळ. बाया गोल करून उभ्या. माझी जाऊ विमलबाई माझ्या हातात तांब्या देत होती. मी तांब्या घेतला, पालथा घातला आणि त्याच्यावर हात ठेवून वन्संच्या उशाशी बसले.

"अशा का बसलात, आक्का?" विमल म्हणाली. "पाणी गार व्हायलंय."

"होऊ दे. वन्संना आंघोळ दवाखान्यातून आल्यावर घालायची."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. विमल म्हणाली, "माणसं खोळंबलीत. मी घालू का?"

"घाल की. माझ्या हाताखालून तांब्या काढ आन् घाल."

ती दोन पावलं मागं सरकली. चाळीस वर्षं एका घरात काढली की माणूस माणसाला ओळखतं.

आडोशाबाहेर आधी अंगद आला. "आई, साहेब पोचतीलच आता." लोकांसमोर तो मला आई म्हणतो, घरात माय. मी म्हटलं, "साहेबांना सावलीत बसव. सरबत दे." मग भाऊबंद आले, मग गावातले जाणते आले. बाहेरून समजावलं, बाहेरून रागावले. आत पाऊल टाकायची कुणाची छाती झाली नाही. मनिषा आडोशात येऊन माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, ऊन वाढायलंय. उशीर झाला तर काचेवर नीट दिसणार नाही. मॅडमचं शेवटचं काम वाया जाईल."

बाहेर कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं मी ओळखते.

"ऐकता का," मालक म्हणाले. "माणसं हसायलीत. घाला तांब्या."

"तुमच्या सदऱ्याची वरची गुंडी लावा आधी."

"काय?"

"गुंडी उघडी हाय तुमची सकाळपासून. लावा. मग मी तांब्या घालते."

लुगड्याच्या फटीतून मला त्यांचे हात दिसत होते. गुंडी धरायला गेले, सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. अंगद पुढं झाला, "मी लावतो, बापू." त्यांनी त्याचा हात झटकला.

मी आवाज खाली आणला. भांडायची वेळ नव्हती ती. "तुमच्या मायच्या हातातून भाकरी पडायची. हिच्या हातातून काचा पडल्या. तुमच्या हातातून काय पडतं ते मी रोज उचलते. आता अंगदचा नंबर आला, तर त्याला काय सांगायचं? केशरबाईनं केलं म्हणून? ही इथं अंगातलं उत्तर घेऊन निजली हाय. जाळायचं का ते?"

मालकांनी गुंडी तशीच सोडून दिली. मग म्हणाले, "कुठं हाय तो कागद?"

मनिषा कागद घेऊन बाहेर गेली. पेन त्यांच्या बोटांत थांबेना. ज्या माणसानं आयुष्यभर गावाला दाखल्यांवर सह्या दिल्या, तो म्हणाला, "न्हाई धरवत. अंगठा घे, पोरी." अंगदच्या कार्यालयातून शिक्क्याचं डबडं आणलं. त्यानंच बापाचा अंगठा धरून शाईवर टेकवला. तेवढ्या वेळात त्याचा चेहरा उतरला होता, कारण बापाचं बोट किती गार आहे हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

शववाहिका निघाली. आता लोकांना काय सांगायचं, म्हणून अंगद माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "खरं सांग. एकदा सांगून बघ, कसं लागतं."

तो भोंग्यापाशी गेला. "माझ्या आत्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे आजार शोधले," म्हणाला. "जाता-जाता ती आपला शोधायला गेली हाय. चार वाजेपर्यंत येईल. सगळ्यांनी थांबावं." साहेबसुद्धा थांबले. सरबत संपलं, माणसं हलली नाहीत. जीपा भरून ऊसतोडीच्या बाया आल्या होत्या, त्यांनी अंगणात बसून वन्संच्या गोष्टी सांगायला घेतल्या. गावाला त्या दिवशी कळलं, की सुई न टोचणारी बाई इतके दिवस नेमकं काय करत होती. फाटकाबाहेर, उन्हात, केशरबाई उभी होती. ती आत आली नाही. तिला आत ये म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि ती तशी येणाऱ्यातली नव्हती.

वन्सं परत आल्या. मी पदर बाजूला करून बघितलं. गोधडीला घालतात तशी सरळ, बारीक शिवण होती. एकही टाका वाकडा नाही. मनिषा म्हणाली, "मॅडमनीच शिकवलंय. म्हणायच्या, माणसाला घरी परत जायचंय, नीट शिवा." तिचे डोळे सुजले होते. ज्या हातांना वन्संनी चिरायला शिकवलं, त्याच हातांनी त्यांना चिरावं लागलं. तिचं काम माझ्या कामापेक्षा अवघड होतं.

मी तांब्या सरळ केला, घंगाळात बुडवला आणि पहिलं पाणी घातलं.

काही आठवड्यांनी मनिषानं आम्हा तिघांना दवाखान्यात बोलावलं. मला म्हणाली, "मावशी, आधी तुम्ही बघा." मी दुर्बिणीला डोळा लावला. आत लाल-लाल रेघा होत्या, कुंकू सांडल्यासारख्या. "हे मॅडमचं हृदय. आता बघत राहा," म्हणाली आणि तिनं एक चकती फिरवली. लाल होतं तिथं हिरवं झालं. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यासारखं हिरवं. काय सुंदर दिसत होतं, आणि त्यानंच तिचा जीव घेतला होता.

मनिषानं समजावलं. अंगात एक घाण तयार होते, ती हळूहळू हृदयात आणि हाताच्या नसांत साचते. बोटं मरतात, पायाला सूज येते, दम लागतो. रक्तातून लेकरांकडं जाते, सगळ्यांकडं नाही, पण जाते. लवकर कळलं तर औषध आहे. बरं होत नाही, पण वाढ थांबते.

मालकांचं आणि अंगदचं रक्त घेतलं. मालकांच्या रक्तात ते निघालं, अंगदच्या नाही. घरी येताना परळीचा फाटा गेल्यावर मालक म्हणाले, "मायला न्यायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "औषध वेळेवर घ्या." त्या वेळी दुसरं काय बोलायचं.

मी मनिषाला निघताना विचारलं होतं, "म्हणजे सासूबाईंनाबी हेच झालतं?" ती वन्संची चेली. म्हणाली, "आजींचा तुकडा माझ्याकडं नाही, मावशी. खुणा सगळ्या जुळतात. पण बघितलं नाही ते मी बघितलं म्हणणार नाही."

घरी आल्यावर मी पाय धुतले नाहीत. तशीच शेजारी गेले. या घरात आल्यापासून त्या दाराच्या आत माझं पाऊल पडलं नव्हतं. केशरबाई शेळीला पाला टाकत होती. आता पार वाकलीय. मला बघून तिच्या हातातला पाला तसाच राहिला.

"बस," मी म्हटलं. "तुला सांगायचंय ते बसून ऐक."

मी सगळं सांगितलं, क्रमानं. लाल, मग हिरवं. बोटं, सूज, दम. मालकांचं रक्त. सासूबाईंचं कुणी बघितलेलं नाही, हेही सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून मला चार शब्द जास्त बोलता आले असते. माझ्या जिभेला ते जड नाही. पण वन्संची आण होती, म्हणून जेवढं दिसलं तेवढंच बोलले.

ती पाल्याचे देठ मोडत बसली. मग म्हणाली, "लोक म्हणायचे त्याचं काही न्हाई, जानकी. पण रातीबेराती माझ्याच मनात यायचं. त्या पोळीत खरंच काही पडलं असल का. तीळ जुने होते. मी निवडले होते नीट, पण जुने होते."

मी खाली पडलेले देठ गोळा केले.

"तुझ्या त्या काचेत..." ती म्हणाली, "मी कुठं हाय का?"

"न्हाई. सगळी काच बघितली मी. तू त्यात कुठंच न्हाईस."

तिनं मान हलवली. हातावरचा पाला झटकला, भिंतीला धरून उठली आणि आत जाऊन गॅस पेटवला. न विचारता दोन कप मांडले. सत्यशीलाबाई बसायच्या ती जागा तिनं मला हातानं दाखवली आणि मी तिथं बसले.

चहा आला. मी प्याले.

"लई गोड केलास," मी म्हटलं.

"सत्यशीलालाबी असाच लागायचा," केशरबाई म्हणाली. "ती तर म्हणायची, आलं कमी पडलं."

मी कप पुढं केला. "मग घाल की थोडं."